खंजिरी घेऊन जपानच्या शांतता परिषदेत गेलेले तुकडोजी महाराज

1955 साल. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडून दहा वर्षं झाली होती. त्याच जपानमध्ये विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली. जगभरातून धर्मगुरू आणि अभ्यासक आले. भारतातून गेलेल्या एका पाहुण्याच्या हातात मात्र खंजिरी होती.

हा पाहुणा अमरावती जिल्ह्यातला. नाव माणिक बंडोजी इंगळे, पण अख्खं वऱ्हाड त्यांना ओळखायचं तुकडोजी महाराज म्हणून.

1909 मध्ये यावली गावात त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यात शाळा तिसरीपर्यंतच. मन रमायचं ते भजनात. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू, आणि 'तुकड्या' हे नाव त्यांनीच दिलेलं.

तेव्हा ना टीव्ही होता, ना गावोगावी रेडिओ. अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत आवडता गायक ऐकायचा म्हणजे तो येईल तिथे जाऊन बसायचं. तुकडोजींचं भजन आहे म्हटलं की आसपासच्या गावांतून माणसं लोटायची. एक खंजिरी, खडा आवाज आणि कुणालाही कळेल अशी मराठी-हिंदी. भजनात देव असायचाच, पण गावची घाण, दारू, अस्पृश्यता आणि गुलामीही असायची. देवाच्या निमित्ताने आलेला माणूस गावाचा विचार घेऊन घरी जायचा. 1935 मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, तोही याच कामासाठी.

पुढे दुसरं महायुद्ध पेटलं आणि इंग्रजांनी भारताला न विचारताच त्यात ओढलं. 1942 मध्ये 'चले जाव'ची हाक आली, तेव्हा तुकडोजींच्या भजनांत भक्तांचीच फौज उभी करण्याची भाषा आली. चिमूर आणि आष्टीत लोक उसळले. सरकारने महाराजांना पकडलं आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. खंजिरीची एवढी भीती सरकारला वाटावी, यातच त्या भजनांची ताकद कळते.

जपानच्या परिषदेतही त्यांनी भाषणावर भागवलं नाही. भाषा न कळणाऱ्या श्रोत्यांसमोर त्यांनी खंजिरी वाजवून भजन म्हटलं. त्याच वर्षी त्यांची 41 अध्यायांची 'ग्रामगीता' प्रसिद्ध झाली. जगाच्या शांततेची सुरुवात खेड्यापासून करायची, असा त्यांचा हिशेब होता.

मग आलं 1962. चीनने हल्ला केला. शांततेचा संदेश घेऊन जपानला गेलेले महाराज आता सीमेवर गेले आणि जवानांपुढे भजनं म्हणू लागले. 1965 च्या पाकिस्तान युद्धातही तेच. काहींना हा विरोधाभास वाटेल. पण युद्ध नको म्हणणं आणि लढणाऱ्या पोराला एकटं सोडणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बेचाळीसच्या भजनांतही हेच दिसतं. अन्यायापुढे हात जोडून बसणं त्यांच्या शांततेत कधीच बसत नव्हतं.

11 ऑक्टोबर 1968 रोजी मोझरीला त्यांचं निधन झालं. आजही पुण्यतिथी महोत्सवात हजारो लोक गुरुकुंजाला जमतात. दिवसभर भजनं चालतात आणि दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे मौन पाळतात.