चार फूट अकरा इंचांची वस्ताद

उंची चार फूट अकरा इंच. म्हणजे फडताळातला वरचा डबा काढायला आपल्यापैकी ज्यांना स्टूल लागतं, त्यांच्यातलीच एक. पण या उंचीची बाई शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये भल्याथोरल्या पुरुषांना खांद्यावरून उचलून पाठीवर आपटून दाखवायची, तेही चारचौघांसमोर. आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडीचीच ही बहीण म्हणा ना! बाईचं नाव एडिथ गॅरड.

एडिथचा जन्म १८७२चा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. एकविसाव्या वर्षी तिचं विल्यम गॅरड या व्यायामशिक्षकाशी लग्न झालं आणि पुढे दोघं लंडनला आली. तिथे त्यांची गाठ पडली बार्टन-राइट नावाच्या एका इंजिनीयरशी. हा गृहस्थ जपानमध्ये राहून जुजुत्सू शिकून आला होता. त्यानं युकिओ तानी आणि सादाकाझू उयेनिशी या दोन जपानी तरुणांना लंडनला आणलं. दोघंही अंगापिंडानं लहानखुरे. तानी तर नाटकगृहांच्या रंगमंचावर उभा राहून आव्हान द्यायचा आणि आडदांड गोऱ्या पैलवानांना बघता बघता लोळवायचा. लोक तोंडात बोटं घालायचे.

एडिथ मात्र नुसती बघत बसली नाही. सोहो भागात उयेनिशीची तालीम होती, तिथे नवरा-बायको दोघंही शिकायला जाऊ लागली. त्या काळात हे नवलच म्हणायचं. १९०८मध्ये उयेनिशी इंग्लंड सोडून गेला, तेव्हा शाळा विल्यमनं चालवायला घेतली आणि बायकामुलांचे वर्ग एडिथकडे आले. वय वर्षं छत्तीस. या वयात आपण गुडघेदुखीच्या गोष्टी सुरू करतो.

या तालमीत शिकवायचे तरी काय? पहिला धडा मारायचा नाही, पडायचा. खाली जाडजूड चटया. पडताना हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल ठेवायची आणि जमिनीला टेकता टेकता हाताची फटकन थाप मारायची, म्हणजे दणका डोक्याला न बसता हातावर विभागला जातो. आयुष्यभर घट्ट कॉर्सेट आणि पायघोळ झगे घालून जपून चालायला शिकलेल्या बायका सैल जाकीट घालून धपाधप पडायच्या, उठायच्या, पुन्हा पडायच्या. पडण्याची भीती गेली की मग डाव. समोरच्यानं ढकललं तर उलट ढकलायचं नाही, त्याच दिशेनं ओढायचं. त्याचा तोल त्याच्याच जोरानं जातो. मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं सोडवून घ्यायचं, कारण पकड तिथेच कच्ची असते. मग जोड्या लावून झुंज. पेच बसला, सोसेना, की हातानं थाप मारायची. थाप ऐकली की जोडीदारणीनं त्या क्षणी सोडायचं. यात हार मानण्याची लाज नसते, उद्या पुन्हा खेळायला हातपाय शाबूत राहावेत एवढाच हिशोब असतो.

आज मुलीबाळी ज्या ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जातात ना, तिथेही थाप मारून सुटण्याची हीच रीत आहे. ती विद्या याच कुळातली. मित्सुयो माएदा नावाचा जपानी मल्ल १९०७-०८च्या सुमारास लंडनमध्ये झुंजून गेला होता. तोच १९१४मध्ये ब्राझीलला पोहोचला आणि त्याच्याकडून शिकलेल्या कार्लोस ग्रेसीनं आणि त्याच्या भावांनी पुढे तिचा वेगळा वृक्ष वाढवला. एडिथची फांदी मात्र निराळ्याच कारणासाठी कामाला आली.

तेव्हा इंग्लंडमध्ये बायकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येत नव्हतं. एमेलिन पँकहर्स्ट यांच्या संघटनेच्या बायका, ज्यांना सफ्रजेट म्हणत, त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. एकदा या संघटनेनं गॅरड दांपत्याला प्रात्यक्षिकाला बोलावलं. नेहमी विल्यम बोलायचा आणि एडिथ करून दाखवायची. त्या दिवशी नेमका तो आजारी. मग तिलाच बोलावंही लागलं आणि डावही दाखवावे लागले. तिथून ती या बायकांचीच झाली आणि त्यांच्यासाठी वेगळे वर्ग घेऊ लागली. १९१०मध्ये पोलिसाच्या वेषातल्या माणसाला लोळवतानाची तिची छायाचित्रं साप्ताहिकात झळकली, व्यंगचित्रंही निघाली. लोक हसले.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हसण्यासारखं काही उरलं नाही. सुमारे तीनशे बायका संसदेकडे निघाल्या होत्या. महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंगही त्यांत पुढे होती. पोलिसांनी आणि जमावातल्या गुंडांनी सहा तास त्यांना मारलं, फरफटवलं आणि नको तिथे हात घातले. तो दिवस पुढे काळा शुक्रवार म्हणूनच ओळखला गेला. गर्दीतला तो किळसवाणा हात ओळखायला आपल्याला इतिहास वाचावा लागत नाही, नाही का?

एडिथची तालीम तोवर रीजंट स्ट्रीटजवळ आर्गाइल प्लेसला होती. म्हातारपणी ती एक किस्सा सांगायची. दुकानांच्या काचा फोडून सफ्रजेट पळत तालमीत यायच्या, भराभर कपडे बदलायच्या, उरलेले दगड आणि हातोड्या चटयांखाली सरकवायच्या. पोलीस दारात येईस्तोवर आत बायकांची तालीम रंगात आलेली! बायकांच्या वर्गात पुरुष घुसतोच कसा, असा एडिथचा आव. पोलीस बिचारा ओशाळून परत. काचा फोडणं, पुढे पुढे तर आगी लावणं, हे सगळं मला पटतं असं नाही. तेव्हाही अनेक बायकांना पटत नव्हतं.

१९१३मध्ये सरकारनं नवा कायदा आणला. तुरुंगात उपोषण करणारी बाई खंगली की सोडायचं, जरा बरी झाली की पुन्हा पकडायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मांजर-उंदीर कायदा. एमेलिनबाईंना पुन्हा पुन्हा असं पकडलं जाऊ लागलं, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी तीसेक बायकांचं पथक उभं राहिलं. शिकवणारी अर्थातच एडिथ. जागा बदलत बदलत गुपचूप सराव चालायचा. बरगड्या वाचाव्यात म्हणून पोशाखाखाली पुठ्ठे बांधायचे आणि झग्यात लपवायचे मुद्गल. हो, मुद्गलच! आपल्याच आखाड्यांतून साहेबांनी ते उचलले होते आणि विलायतेत त्यांना नावही होतं भारतीय मुद्गल.

फेब्रुवारी १९१४मध्ये लंडनच्या एका चौकात एमेलिनबाईंनी बाल्कनीतून भाषण केलं. मग तोंडावर जाळी घेतलेली एक बाई बाहेर आली. पथक तिच्याभोवती जिवाच्या आकांतानं लढलं आणि शेवटी पोलिसांनी तिला उचलून नेलं. नेल्यावर कळलं, ही भलतीच! खऱ्या बाई केव्हाच पसार.

महिन्याभरात, ९ मार्चला, ग्लासगोत मात्र असं झालं नाही. पथक रात्रभर आगगाडीनं प्रवास करून गेलं. सभागृहात हजारो माणसं. मंचाच्या कडेला फुलांच्या आड काटेरी तारा. एमेलिनबाई साध्या प्रेक्षकासारखं तिकीट काढून आत आल्या. त्या बोलायला उभ्या राहतात न राहतात तोच पोलीस लाठ्या परजत मंचावर चढले. मुद्गल निघाले, खुर्च्या उडाल्या. झटापट चांगलीच झाली, पण संख्येपुढे चाललं नाही. एमेलिनबाई पकडल्या गेल्याच.

ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं, चळवळ थांबली, पथक विसर्जित झालं. १९१८मध्ये तीस वर्षांवरच्या काही बायकांना मत मिळालं, १९२८मध्ये पुरुषांच्या बरोबरीनं सगळ्यांना. तोवर एडिथ छप्पन वर्षांची झाली होती. तालीम १९२५मध्येच विकून दोघं निवृत्त झाली होती.

त्यानंतर ती जवळजवळ अर्धं शतक जगली. १९७१मध्ये गेली, तेव्हा नव्व्याण्णव वर्षांची होती. लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या तिच्या घरावर पुढे तिच्या नावाची पाटी लागली.