मातीचा हिशेब आणि भास्कराचार्य

सन १७२४ च्या लढाईमुळे साखरखेर्ड्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात आले. आमच्या घरात मात्र निघते ते १९७२ च्या दुष्काळाचे नाव. त्या साली माझे आजोबा दुष्काळी कामावर चर खणायला जात. मजुरी मोजमापावर मिळे. एकदा चर पन्नास फूट लांब झाला. वर पाच फूट रुंद, तळाशी तीन फूट आणि दोन फूट खोल. मोजणाऱ्याने तळाचीच रुंदी धरली आणि तीनशे घनफूट, म्हणजे तीन ब्रास काम लिहिले. माती जास्त निघाली हे आजोबांच्या हातांना कळत होते, पण ते सांगावे कसे हे कळेना. त्याचे उत्तर मला भास्कराचार्यांचे चरित्र वाचताना सापडले.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे आपले गाव, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे. वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ रचले. म्हणजे म्हातारपणीही त्यांची लेखणी थांबली नव्हती.

त्यांची ‘लीलावती’ आकाशातल्या ग्रहांपुरती नाही. तीत खणलेले खड्डे, विटांचे थर, करवतीने कापलेले लाकूड आणि धान्याच्या राशी यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. विटांच्या प्रकरणाचे नाव चितिव्यवहार. आपल्या शाळेच्या पुस्तकातील इष्टिकाचितीशी त्याचे नाते उघड आहे.

आजोबांच्या चराचा छेद म्हणजे समलंब चौकोन. त्याचे क्षेत्रफळ काढताना दोन समांतर बाजूंची बेरीज निम्मी करून लंबाने गुणावी, असे आचार्य सांगतात. नुसत्या चार बाजू ठाऊक असून भागत नाही, लंब किंवा कर्ण कळल्याशिवाय चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, असेही ते बजावतात. पाच आणि तीन मिळून आठ, निम्मे चार. दोन फूट खोलीने गुणून आठ चौरस फूट. पन्नास फूट लांबीने गुणून चारशे घनफूट. म्हणजे चार ब्रास! एका ब्रासची मजुरी बुडाली होती.

आचार्य याहूनही पुढे जातात. खड्डा चारही बाजूंनी निमुळता असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्ही लांबींच्या बेरजेला दोन्ही रुंदींच्या बेरजेने गुणून येणारे क्षेत्रफळ, ही तिन्ही मिळवून सहाने भागायचे आणि खोलीने गुणायचे. त्यांच्या उदाहरणात तोंड बारा हात लांब, दहा हात रुंद, तळ त्याच्या निम्मा आणि खोली सात हात. उत्तर ४९० घनहात. नुसत्या सरासरीने ते चारशे बहात्तरच्या आसपास अडकते.

आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या आणि नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारी होते. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. इ. स. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढे १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली आणि १८१७ मध्ये कोलब्रूकने ती इंग्रजीत आणली.

हे सारे मी अंगणात काडीने चर काढून आजोबांना समजावले. ते बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले की, पाटण तर इथून शेजारच्याच खानदेशात. मग हे माप आमच्यापर्यंत पोचायला आठशे वर्षे का लागली? मला उत्तर देता आले नाही. विद्या संस्कृत श्लोकांत होती आणि कुदळ आमच्या हातात होती, एवढेच मनात आले. ‘लीलावती’ विलायतेला पोचली, पण आमच्या चरावर पोचली नाही.

यंदा आमच्या शेतात शेततळे खणायचे ठरले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्या दिवशी टेप मी धरणार आहे. तोंड मोजीन, तळ मोजीन आणि मगच सहाने भागीन.