विश्लेषण : रंगांध चित्रकार ते यंत्रनिर्माता… सीएनसी स्क्रीनच्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्कर का आठवावेत?

छंद म्हणून घरी छोटे सीएनसी मशीन बांधणाऱ्यांचा बराच वेळ कंट्रोल स्क्रीन आपल्या सोयीची करून घेण्यात जातो. मॅक थ्री किंवा लिनक्ससीएनसीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची जागा, आकार, रंग बदलता येतात. बटणामागे छोटी स्क्रिप्टही बसवता येते. बटण दाबले की टूल हळूहळू खाली येते, प्रोबला टेकते आणि झेड अक्षाचा शून्यबिंदू आपोआप ठरतो. पण बऱ्याच तयार स्क्रीन एक गोष्ट गृहीत धरतात : चालवणाऱ्याला लाल आणि हिरव्यातला फरक दिसतो. ज्याला रंग नीट ओळखता येत नाहीत, त्याने काय करायचे?

सातारा-सांगली पट्ट्यात यंत्रांचे गाव वसवणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर अंशतः रंगांध होते.

चित्रकला का सुटली?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथेच रंगांधळेपणाचे निदान झाले आणि चित्रकार होण्याचा रस्ता बंद झाला. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले.

हा बदल वरवर तडजोडीचा वाटेल, पण नीट पाहा. यंत्राच्या आरेखनात रंगाचे काम नसते. दिसणारी कड जाड अखंड रेषेने, झाकलेली कड तुटक रेषेने, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांनी दाखवतात. सगळा अर्थ आकारात आणि जागेत असतो. आज रंगांध व्यक्तीसाठी सीएनसी स्क्रीन बदलताना हेच करतात. ‘सुरू’ आणि ‘थांबा’ ही बटणे एकमेकांपासून लांब ठेवायची, एक गोल तर दुसरे चौकोनी करायचे, वर शब्द लिहायचे. (इमर्जन्सी स्टॉप मात्र स्क्रीनवर सोडू नये. तो वेगळ्या वायरिंगचा खराखुरा खटकाच हवा; सॉफ्टवेअर अडकले तर स्क्रीनवरचे बटण काय कामाचे?)

बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

लोखंडी नांगर कुणी घेईना!

बेळगावात भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत त्यांचे सायकलींचे दुकान होते. ते जिथे होते, तो रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो. लक्ष्मणराव अमेरिकी मासिके वाचून यंत्रे समजून घेत. आधी कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगराने त्यांची खरी परीक्षा घेतली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. जवळपास दोन वर्षे नांगर पडून राहिले.

यात नुसती अंधश्रद्धा पाहणे सोपे आहे. लाकडी नांगर मोडला तर बलुत्यावर गावचा सुतार दुरुस्त करून देई. लोखंडी फाळ ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर? नव्या यंत्राबरोबर त्याचा सुटा भागही वेळेवर मिळेल, अशी खात्री शेतकऱ्याला हवी होती. ती रुजायला वेळ लागला.

धंदा जरा सावरतोय तोच बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. यंत्रे उचलायची, पण न्यायची कुठे?

औंधच्या राजांनी काय दिले?

औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि ती जागा सांगलीच्या पलूस तालुक्यात. तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होते. माळ होता, निवडुंग होते, साप होते. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळाले.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवून त्या वितळवल्या गेल्या आणि त्यांचे नांगर झाले.

तेव्हाची ‘स्क्रिप्ट’ कशी होती?

त्या काळच्या लेथला स्क्रीन नव्हती, पण आज्ञावली होती, ती दातेरी चक्रांची. आटे पाडायचे असतील तर स्पिंडल आणि लीड स्क्रू यांच्यामध्ये ठरावीक दात्यांची चक्रे बसवायची. समजा लीड स्क्रू ६ मिलिमीटर पिचचा आहे आणि आटे दीड मिलिमीटरचे हवेत. मग स्पिंडलच्या चार फेऱ्यांत लीड स्क्रूची एकच फेरी व्हायला हवी, म्हणजे २० आणि ८० दात्यांची जोडी चालेल. पिच बदलायचे तर मशीन थांबवून चक्रे बदला. आज हे काम जी-कोडची एक ओळ करते, कारण स्पिंडल आणि मोटर यांचा मेळ सॉफ्टवेअर घालते. गणित तेच.

वाडीच्या बाहेर

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या बातम्यांपासून निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून घराघरांत पोहोचले. उसाचे चरक, पंप अशी यंत्रे वाडीत बनू लागली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ मध्ये इंजिनीअर होऊन परतले.

१९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर उभी राहिली, तीही लेथ बनवण्यासाठी. म्हणजे यंत्रे बनवणाऱ्या घराण्याने यंत्रे घडवणारी यंत्रे विकायला सुरुवात केली. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना आला.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले.