नगरची लेक, मद्रासची सून : कृपाबाई सत्यनाथन

मराठी ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचू लागले की अहमदनगरात थोडे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने तेथे काम सुरू केले, १८४२ साली तेथूनच 'ज्ञानोदय' निघू लागला आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचा संसार तेथे नांदला. आज या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. याच शहरात १४ फेब्रुवारी १८६२ रोजी एका पाळकाच्या घरी एक मुलगी जन्मली. टिळकांपेक्षा ती जेमतेम सव्वादोन महिन्यांनी लहान. टिळकांचे नाव आपल्या लेकरांनाही ठाऊक असते. या मुलीला मात्र साहित्याचे अभ्यासक ओळखतात आणि आपली मंडळी फारशी ओळखत नाही. तिचे नाव कृपाबाई. माहेरचे आडनाव खिस्ती, सासरचे सत्यनाथन.

वाचकांनी माहेरच्या आडनावाने फसू नये. खिस्ती हे जुने ब्राह्मणी आडनाव आहे. धर्मांतराशी त्याचा संबंध नाही.

आईबाप व घर

कृपाबाईंचे वडील हरिपंत आणि चुलते नारायणपंत यांनी १८३९ साली बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. जात सुटे, पंगत सुटे, सख्ख्या आईबापांच्या घरचे पाणीही सुटे. हरिपंतांची पत्नी राधाबाई त्या वेळी लहान वयाची होती. पतीने नवा मार्ग धरला म्हणून तिचे मन एका रात्रीत बदलले नाही. ती धास्तावली, रडली, आपला आचार सांभाळीत राहिली. हरिपंतांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. पतीचा संयम व त्याचे नित्याचे वागणे पाहत पाहत ती स्वतःच्या पावलांनी प्रभूकडे आली. पुढे हरिपंत नगरच्या मंडळीचे पाळक झाले.

हे सारे आज आपल्याला समजते, कारण त्यांच्या लेकीने ते लिहून ठेवले. आपल्या पुस्तकात तिने आईबापांची नावे थोडी बदलली, घटना कादंबरीच्या रूपात मांडल्या. पण ते घर तिचेच आहे हे वाचणाऱ्याला लपत नाही.

कृपाबाई ही हरिपंत व राधाबाई यांची तेरावी संतती. ती अगदी लहान असतानाच वडील वारले. एवढ्या मोठ्या कुटुंबाचा भार विधवा आईवर व थोरल्या भावंडांवर पडला. घरात प्रार्थना होती, शिस्त होती, पैसा मात्र बेताचाच होता. आई कष्टाळू आणि भाविक, पण जुन्या वळणाची. मुलीने चूल, दळण, शिवण शिकावे, पुस्तकात डोके घालून बसू नये, असे घरच्या थोर मंडळींना वाटे. या मुलीला तर पुस्तक दिसले की भूक लागेनाशी होई. भावांचा अभ्यास चाले तेथे ती जाऊन बसे, त्यांच्याशी चढाओढ करी आणि कामात चुकली म्हणून बोलणीही खाई. ख्रिस्ती घर झाले तरी मुलींविषयीचे सगळे जुने विचार बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुऊन जात नाहीत, हे तिने फार लवकर पाहिले.

भास्कर

या मुलीच्या मनाला वळण लावले ते भास्कर नावाच्या थोरल्या भावाने. तो तिला पुस्तके आणून देई, वाचलेल्यावर तिच्याशी बोले आणि मुख्य म्हणजे तिचे मत विचारी. मुलीचे मत विचारणारा भाऊ त्या काळी विरळाच. डोंगर, ओढे, उजाड माळ आणि त्यांवर उतरणारी संध्याकाळ यांची ओढ तिला लहानपणीच लागली. पुढे तिच्या लेखनात दख्खनच्या या भूमीची वर्णने पुन्हा पुन्हा येतात.

हा भाऊ ऐन तारुण्यात वारला. वडिलांचे जाणे तिला समजण्याच्या वयाआधीचे; भास्करचे जाणे मात्र पूर्ण समजून सोसावे लागले. देवावर विश्वास ठेवणाऱ्या घरात असे का व्हावे, हा प्रश्न किशोरवयातल्या मुलीला पडणे साहजिक आहे. कृपाबाईंनी हा प्रश्न दडपला नाही. दुःखानंतर विश्वास लगेच उजळून निघतो, असे खोटे चित्रही त्यांनी रंगवले नाही. त्यांच्या लेखनातली सगुणा ही मुलगी हिरमुसते, हट्ट करते, एकटी बसून विचार करते, प्रार्थनेत कधी मन लागते तर कधी लागत नाही. आपल्यापैकी कोणाच्याही घरातली पंधरा वर्षांची मुलगी अशीच असते.

मुंबईचे वसतिगृह

घरच्या दुःखानंतर तिला मुंबईला मिशनरी बाईंकडे शिकण्यासाठी पाठविण्यात आले. तेथे तिला दोन प्रकारची माणसे भेटली. या देशातली ख्रिस्ती मुलगी म्हणजे आपल्यापेक्षा खालची, तिला उपकाराने वागवावे, असे मानणाऱ्या काही गोऱ्या बाया होत्या. तिला मनापासून माया लावणाऱ्या आणि तिची बुद्धी ओळखणाऱ्याही होत्या. कृपाबाईंनी पुढे दोहोंविषयी लिहिले. मिशनऱ्यांचे उपकार त्या विसरल्या नाहीत. पण प्रभूच्या घरात उच्चनीच भाव दिसला तेव्हा तोही त्यांनी झाकला नाही. साहेबी रीतीची आंधळी नक्कल करणाऱ्या आपल्याच लोकांनाही त्यांनी सोडले नाही.

वसतिगृहात एका अमेरिकन डॉक्टर बाईंचे तिच्याकडे लक्ष गेले. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत, त्यामुळे कितीतरी बायका उपचारावाचून मरत. अशा बायकांसाठी आपण वैद्यक शिकावे, असे या मुलीने ठरविले. इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी तिला शिष्यवृत्तीही मिळाली. पण प्रकृती नाजूक. तेथील थंडी तिला मानवणार नाही, असे ठरले आणि जाणे रहित झाले.

तेव्हा मद्रासचे नाव पुढे आले. मद्रास मेडिकल कॉलेजाने १८७५ सालीच स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली होती. १८७८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, कृपाबाई तेथे दाखल झाली. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या त्या १८८३ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे धैर्य कळते. मुलूख परका, तमिळ भाषेचा गंध नाही, वर्गात जवळजवळ सगळे पुरुष. राहण्याची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन या नामांकित पाळकांच्या घरी झाली. त्यांच्या पत्नी ॲना सत्यनाथन यांनी मद्रासेत मुलींच्या शाळा चालविल्या होत्या. अशा घरात नगरच्या मुलीला दुसरे माहेरच मिळाले.

बंद झालेले दार

पहिल्या वर्षी कृपाबाईने परीक्षेत उत्तम यश मिळविले. पण अभ्यासाचा ताण शरीराला पेलवला नाही. प्रकृती ढासळली आणि १८७९ साली शिक्षण अर्धवट सोडून तिला पुण्याला बहिणीकडे परतावे लागले.

ज्या सेवेसाठी आपल्याला बोलावणे आहे असे वाटले, ज्यासाठी घर सोडले, तिचे दार वयाच्या सतराव्या वर्षी बंद झाले. वडील गेले, भाऊ गेला, इंग्लंड राहिले, आता वैद्यकही राहिले. देवाने आपल्याला उगाचच बोलावले काय? चांगल्या कामासाठी निघालेल्या माणसाच्या वाटेत त्याने असा धोंडा का ठेवावा? पुण्यातल्या त्या दिवसांनी तिच्याजवळ ठेवले ते एवढेच : वाचन, आठवणी आणि आपल्या मनाशी प्रामाणिक राहण्याची सवय. लेखकाची शिदोरी हीच असते.

दोन वर्षांनी त्या मद्रासला परतल्या. सत्यनाथन दांपत्याचे चिरंजीव सॅम्युएल केंब्रिजचे शिक्षण संपवून आले होते. १८८१ साली दोघांचा विवाह झाला. सॅम्युएल यांना उटकमंड येथील ब्रीक्स मेमोरियल स्कूलमध्ये मुख्याध्यापकाची जागा मिळाली. निलगिरीची हवा कृपाबाईंना मानवली. चर्च मिशनरी सोसायटीच्या मदतीने त्यांनी तेथे मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, इतर मुलींच्या शाळांतही शिकविले. ज्यांच्यासाठी डॉक्टर व्हायचे होते त्या पडद्याआडच्या मुलींपर्यंत त्या अखेर पाटीपुस्तक घेऊन पोहोचल्या.

येथेच त्यांचे लेखन सुरू झाले. एक भारतीय स्त्री, एवढ्याच सहीने त्यांचे लेख नियतकालिकांत येऊ लागले. पुढे पतीच्या बदल्यांमुळे राजमहेंद्री, कुंभकोणम असा मुक्काम हलत गेला आणि १८८६ साली संसार मद्रासला स्थिरावला.

'सगुणा'

१८८७-८८ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात त्यांची 'सगुणा' क्रमशः प्रसिद्ध झाली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली ही पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी समजली जाते.

तीस वर्षांपूर्वी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहून हिंदू विधवांची दुःखे मराठीत मांडली होती. तेथे एक सहृदय पुरुष स्त्रियांविषयी लिहीत होता. 'सगुणा'त मुलगी स्वतःविषयी लिहिते. आपल्या लोकांविषयी तोवर बरेच काही लिहिले गेले होते, पण त्यातले पुष्कळसे मिशनच्या अहवालांतले. त्यांत किती बाप्तिस्मे झाले, किती शाळा निघाल्या हे सापडे. पण बाप्तिस्मा झालेल्या घरात मुली काय वाचत, कशावरून रुसत, आईशी का भांडत, हे कोण सांगणार? ते घरातल्याच माणसाने सांगावे लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सगुणेची कथा सगुणेपासून सुरू होत नाही, तिच्या आईपासून सुरू होते. राधेचे बालपण, तिची भीती, तिचा विरोध आणि तिचा विश्वास आधी येतो. आईच्या जुन्या धर्माची लेखिकेने टवाळी केली नाही. त्या घरातले प्रेम, सणवार, बायकांचे सोसणे हे सारे तिने ममतेने रेखाटले. आपण ख्रिस्ताचे झालो म्हणून आपले पूर्वज परके होत नाहीत, ही गोष्ट तिने चर्चा न करता दाखवून दिली.

शेवटची वर्षे

दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. त्यांचे एकुलते एक मूल वर्षाचे होण्याआधीच दगावले. हा घाव फार खोल गेला. त्यांचे मन खचले. पुढे क्षयाने गाठले. उपचारांसाठी त्या मुंबईस आल्या, पण रोग बरा होणारा नाही हे स्पष्ट झाले.

दिवस मोजके आहेत हे कळल्यावर कृपाबाईंनी 'कमला' ही दुसरी कादंबरी हाती घेतली. बालपणी लग्न झालेल्या, शिकण्याची आवड असलेल्या आणि सासरी ती आवड कोंडून मारावी लागलेल्या एका हिंदू मुलीची ती कथा आहे. कमला विधवा होते. तिला पुनर्विवाहाची वाट दिसते, पण ती दुःखितांच्या सेवेची वाट निवडते. अंथरुणाला खिळलेल्या, पुत्रशोक सोसलेल्या ख्रिस्ती बाईने आपल्या उरलेल्या बळाचा उपयोग शेजारच्या धर्मातल्या मुलीचे दुःख सांगण्यासाठी करावा, याला प्रीती नाही तर काय म्हणावे?

३ ऑगस्ट १८९४ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. वय अवघे बत्तीस. 'कमला' त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली, 'सगुणा' १८९५ मध्ये आणि त्यांचे इतर लेखन १८९६ मध्ये. १८९५ च्याच फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नगरच्या मंडळीला कवी मिळत होता तेव्हा नगरची ही लेखिका निघून गेली होती. शंभरएक वर्षांनंतर, १९९८ साली, त्यांच्या दोन्ही कादंबऱ्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुन्हा छापल्या.

आपल्यासाठी

कृपाबाईंची पुस्तके इंग्रजीत आहेत. शिक्षण इंग्रजीत झाले, संसार मद्रास इलाख्यात झाला. मायबोलीच्या मुलखापासून दूर राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांना ही गोष्ट फोड करून सांगायला नको. घरात मराठी, शाळेत दुसरी भाषा, बाजारात तिसरी, हे आपले रोजचेच आहे. मात्र भाषा बदलली तरी नगरचे घर त्यांच्या लेखणीतून गेले नाही.

आपल्या मंडळ्यांतही वहीच्या मागच्या पानावर काहीबाही लिहिणाऱ्या मुली आहेत. त्यांना हसू नये. त्यांना रिकामटेकड्या म्हणू नये. मालकाने दिलेला रुपया जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. दुसऱ्याचा रुपया पुरून टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही तो ऐकावा.

आणि मुलींनो, काय लिहावे हा प्रश्न पडला तर आजीजवळ जाऊन बसा. आपल्या घरात विश्वास कोणत्या वाटेने आला, कोणी विरोध केला, कोण रडले, कोणी वाट पाहिली, ते तिला विचारा आणि जसे सांगेल तसे उतरून घ्या. गोड करू नका, मोठे करू नका. राधाबाईंची गोष्ट त्यांच्या लेकीने लिहिली म्हणून उरली. पुष्कळ घरांतल्या राधाबाई काही न सांगता निघून गेल्या. ज्या अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि दिवस थोडे आहेत.