घरच्या ठेव्यासाठी दारोदार

साखवाळ हे गोव्यातील एक लहानसे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पोर्तुगीज अमलाखालच्या या गावात नारळीची बाग सांभाळणाऱ्या एका तरुणाच्या हाती ‘बालबोधमेवा’ या मासिकाचा अंक पडला. अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी मुलांसाठी चालविलेले हे मासिक. त्यात बुद्धाविषयी मजकूर होता. शाळेचे शिक्षण जेमतेम झालेल्या, तुकारामाच्या अभंगांवर पोसलेल्या त्या तरुणाच्या मनाने तो मजकूर असा काही धरला, की पुढची पन्नास वर्षे त्याने तो सोडला नाही. हा तरुण म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

पालीचे थोर पंडित, ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचे कर्ते आणि गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु पंडित होण्यापूर्वी धर्मानंद प्रवासी होते, आणि तेही कमालीचे निष्कांचन प्रवासी. नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश असा आशियाचा मोठा पट्टा त्यांनी पालथा घातला, तो निसर्ग पाहण्यासाठी नव्हे किंवा व्यापारासाठीही नव्हे. स्वतःच्या देशात जन्मलेली आणि त्याच देशात विसरली गेलेली एक विद्या शेजाऱ्यांच्या घरून परत आणायची, एवढाच त्या भ्रमंतीचा हेतू होता.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८९१ मध्येच त्यांचे बाळाबाईंशी लग्न झाले. घरची परिस्थिती बेताची, प्रकृती नाजूक आणि मन संसारात रमेना. गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी वाचले, त्याची पारायणे केली आणि बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावा, ही ओढ अनावर होत गेली. मुळातून समजून घ्यायचे तर आधी संस्कृत यायला हवे आणि संस्कृत शिकायचे तर गाव सोडायला हवे. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी माणिक. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा वाचून भारावणारे पुष्कळ असतात. ती कथा आपल्या घरात घडली म्हणजे मागे राहिलेल्यांचे काय होते, हे बाळाबाईंनी अनुभवले.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. तेथून उत्तरेकडे वाटचाल करीत धर्मानंद काशीला पोहोचले. काशीतले दिवस हे उपासमारीच्या सीमेवरचे दिवस होते. जेवण अन्नछत्रात, अंगावर पुरेसे कपडे नाहीत आणि उत्तरेतील थंडी कोकणच्या माणसाला सोसवणारी नाही. तशा स्थितीत त्यांनी संस्कृतचा अभ्यास नेटाने केला. काशीसारख्या विद्यानगरीत वेद, न्याय, व्याकरण, वेदान्त सारे काही शिकविणारे पंडित होते. मात्र बुद्धाची मूळ वचने ज्या पाली भाषेत आहेत, ती शिकविणारा कोणी नव्हता. बुद्धाने पहिला उपदेश केला ते सारनाथ तेथून हाकेच्या अंतरावर होते, तरीही.

बौद्धधर्म नेपाळात जिवंत आहे, असे त्यांच्या कानी आले होते. १९०२ च्या सुरुवातीला त्यांनी नेपाळची वाट धरली. राणांच्या अमलाखालच्या त्या राज्यात परक्यांना सहज प्रवेश नसे. महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना मात्र मुभा असे. तराईतले रान ओलांडायचे, मग डोंगरांमागून डोंगर चढायचे आणि चंद्रागिरीच्या खिंडीतून काठमांडूच्या खोऱ्यात उतरायचे, असा तो मार्ग होता. एवढी यातायात करून ते पोहोचले, आणि स्वयंभूनाथाचा व बौद्धनाथाचा भव्य स्तूप पाहूनही त्यांचे मन खिन्न झाले. स्तूप होते, पूजाअर्चा होती, उत्सव होते. परंतु ज्यासाठी घर सोडले ते अध्ययन आणि तो भिक्षुसंघ तेथे नव्हता. संसार सोडून विहारात राहणाऱ्या भिक्षूंची परंपरा नेपाळच्या खोऱ्यात काही शतकांपूर्वीच खंडित झाली होती.

एखादा प्रवासी येथूनच माघारी फिरला असता. धर्मानंद बुद्धगयेला गेले. तेथे त्यांना लंकेचा मार्ग कळला. पाली शिकायचे असेल तर सिंहलद्वीपाला जायला हवे, ही खूणगाठ बांधून ते कोलकात्यात आले. अनागारिक धर्मपाल यांनी १८९१ मध्ये स्थापन केलेल्या महाबोधी सभेचा तेथे आधार मिळाला आणि दक्षिणेचा लांबलचक प्रवास करून ते कोलंबोला पोहोचले.

कोलंबोचे विद्योदय विद्यालय हे त्या काळी पाली विद्येचे मोठे पीठ होते. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये ते स्थापन केले होते. या वयोवृद्ध आचार्यांनी गोव्याहून आलेल्या विद्यार्थ्याला आश्रय दिला. धर्मानंदांनी तेथे श्रामणेराची दीक्षा घेतली, सिंहली लिपी शिकून घेतली आणि ताडपत्रांत व पोथ्यांत जपलेले पाली वाङ्मय वाचायला आरंभ केला. ज्याचा शोध काशीत आणि काठमांडूत लागला नाही, ते समुद्रापलीकडच्या बेटावर सापडले. मात्र अन्न मानवेना आणि प्रकृती साथ देईना. सुमारे वर्षभराने त्यांना मद्रासला परतावे लागले.

तेथून पुढचा टप्पा ब्रह्मदेशाचा. रंगूनच्या बंदरात उतरून ते उत्तरेकडे गेले. मंडालेजवळ, इरावतीच्या काठी सगाईंच्या टेकड्या आहेत. तेथील विहारांत आणि गुहांत ध्यानमार्गी भिक्षू राहत. अशाच एका गुहावासी साधकाकडे धर्मानंदांनी ध्यानाचे पाठ घेतले. त्यांच्यासोबत होते ञाणतिलोक हे जर्मनीत जन्मलेले भिक्षू. एक गोमंतकीय आणि एक जर्मन, दोघेही आपापली घरे सोडून ब्रह्मी गुरूच्या पायाशी बसलेले! विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आशियात असे योग जुळून येत होते. लंकेत जे पोथीतून शिकले, ते आचरणात कसे उतरते हे धर्मानंदांना ब्रह्मदेशात पाहायला मिळाले.

या प्रवासातील एक अडचण आज सहसा ध्यानात येत नाही. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. लंकेत ती सिंहली लिपीत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयामात तेथल्या लिपीत. सयामच्या राजाने १८९३ च्या सुमारास त्रिपिटकाची छापील आवृत्ती काढली. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेली पाली टेक्स्ट सोसायटी हे ग्रंथ रोमन लिपीत छापीत होती. देवनागरीत मात्र हे वाङ्मय जवळजवळ नव्हतेच. म्हणजे मगधाच्या वाटांवर बोलली गेलेली बुद्धाची वचने सिंहली, ब्रह्मी, सयामी आणि युरोपीय वाचकाला वाचता येत होती. खुद्द हिंदुस्थानातल्या वाचकाला मात्र परकी लिपी शिकल्यावाचून ती उघडता येत नव्हती. धर्मानंदांनी एकेक देश पार करताना एकेक लिपी आत्मसात केली, ती या कुलपांच्या किल्ल्या म्हणून.

मायदेशी परतल्यावर त्यांनी भिक्षुवेषात बुद्धाच्या चरित्राशी निगडित स्थळांची यात्रा केली. पुन्हा एकदा ब्रह्मदेशाची फेरी झाली. १९०६ मध्ये कोलकात्यात आल्यावर त्यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. मिळविलेले ज्ञान घेऊन विहारात राहावे, की ते आपल्या माणसांपर्यंत पोहोचवावे? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला, चीवर उतरवले आणि कोलकाता विद्यापीठात पालीचे अध्यापन स्वीकारले. सुमारे सात वर्षांनी ते गोव्याला घरी गेले. बाळाबाईंनी एकटीने काढलेल्या त्या वर्षांचा हिशेब कोणत्याही ग्रंथात मांडलेला नाही. १९०७ मध्ये पुत्र दामोदरचा जन्म झाला.

कोलकात्यातील नोकरीत स्थैर्य होते. तथापि धर्मानंदांना महाराष्ट्रात काम करायचे होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षे दरमहा ५० रुपये देऊ केले. महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहावा, एवढीच अट होती. अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी ते ५० रुपये पत्करले. व्यवहारचतुर माणसाला हा वेडेपणा वाटेल. पण ज्याने घर सोडले ते मराठीत बुद्ध आणण्यासाठी, त्याला हा सौदा महाग वाटला नाही.

पुढची वाट आशियाच्याही बाहेर गेली. हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. वुड्स यांच्या ओळखीतून १९१० मध्ये त्यांना अमेरिकेचे निमंत्रण आले. ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम तेथे अपुरे पडले होते. येथे इतिहासाचा एक योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. ‘विसुद्धिमग्गा’चा कर्ता बुद्धघोष हा पाचव्या शतकातला. परंपरा सांगते की, भारतात न मिळणाऱ्या अट्ठकथांच्या शोधात तो लंकेतील अनुराधपुराला गेला आणि तेथेच त्याने हा ग्रंथ रचला. सुमारे दीड हजार वर्षांनी तशाच कारणासाठी लंकेला गेलेला दुसरा भारतीय त्याच ग्रंथाचा पाठ शुद्ध करायला बसला. हे काम अनेक वर्षे आणि अमेरिकेच्या अनेक फेऱ्या चालले. देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढली. हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये, धर्मानंदांच्या निधनानंतर बाहेर आली.

दरम्यान १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे यांच्यासारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. ज्या पुण्यात दीड तपापूर्वी हा मुलगा संस्कृतची चार अक्षरे शिकायला आला होता, तेथे आता पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नव्हता. प्रवासाचे याहून मोठे फळ कोणते? १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा माणिक आणि दामोदर या मुलांना शिक्षणासाठी सोबत घेऊन गेले. ज्या लेकीला तान्ही असताना सोडून बापाने बुद्धाची वाट धरली होती, तीच आता त्याच्याबरोबर जगाच्या दुसऱ्या टोकाला जात होती.

गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन, १९२९ मध्ये लेनिनग्राडची वारी, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास, मुंबईतील परळच्या कामगारवस्तीत बहुजनविहार, अशी त्यांची पुढची वाटचाल आहे. विद्या पंडितांच्या कपाटात न ठेवता श्रमिकांच्या वस्तीत न्यावी, हा त्यामागचा धागा. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाने चमत्कारांची पुटे दूर करून ऐतिहासिक बुद्ध मराठी वाचकासमोर उभा केला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा त्यांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील कलह हे त्या गृहत्यागाचे कारण त्यांनी पुढे ठेवले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला हा तंटा पुढे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही मध्यवर्ती ठरला.

आयुष्याची अखेरही त्यांनी प्रवाशासारखीच, सामान आवरून केली. शरीर कामाचे राहिले नाही, तर इतरांवर भार होऊ नये, या विचाराने त्यांनी अन्नत्यागाचा निर्णय घेतला. १९४६ मधला तो प्रयत्न गांधीजींच्या विनंतीवरून त्यांनी थांबवला होता. पुढे सेवाग्रामला, जून १९४७ च्या आरंभी त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य तेव्हा दोन-अडीच महिन्यांवर होते.

१९५६ पासून पुढे काही वर्षांत नालंदा येथून संपूर्ण पाली त्रिपिटक देवनागरीत प्रसिद्ध झाले. ते पाहायला धर्मानंद नव्हते. आज मुंबई-पुण्याहून काठमांडू, कोलंबो किंवा यांगून गाठायला काही तास पुरतात. स्वयंभूनाथाच्या पायऱ्या चढून, सगाईंच्या टेकड्यांची छायाचित्रे घेऊन आपण आठवड्याभरात परत येतो. त्याच जागी शंभरावर वर्षांपूर्वी साखवाळचा एक माणूस रिकाम्या खिशाने आणि अर्धपोटी उभा होता, हे अशा वेळी आठवावे. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात त्याने तो प्रवास साध्या, प्रांजळ मराठीत सांगितला आहे. त्या प्रवासाने आपल्याला बुद्ध परत मिळाला. त्याची किंमत मात्र त्याच्याइतकीच, गोव्यात वाट पाहत राहिलेल्या बाळाबाईंनीही मोजली होती.