पासोलिनी : नास्तिकाच्या हातून घडलेला ख्रिस्तपट

इटलीतील बोलोन्या शहरी १९२२ साली जन्मलेले पिएर पाओलो पासोलिनी हे कवी, मार्क्सवादी व उघड नास्तिक होते. १९६३ साली एका लघुपटाबद्दल न्यायालयाने त्यांच्यावर धर्माच्या अवमानाचा ठपका ठेवून चार महिन्यांची शिक्षा सुनावली. ती पुढे रद्द झाली. अशा माणसाने दुसऱ्याच वर्षी संत मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढावा, हे अनेकांना रुचले नाही.

बीज मात्र असिसीत पडले होते. १९६२ साली पोप जॉन तेविसावे तेथे यात्रेस आले, रस्ते गर्दीने भरून गेले आणि खोलीत अडकून पडलेल्या पासोलिनींनी हाताशी असलेले शुभवर्तमान सलग वाचून काढले. चित्रपट त्यांनी याच पोपमहाशयांच्या स्मृतीस अर्पण केला. संवाद मत्तयच्याच ग्रंथातले. त्यांचा येशू झपझप चालतो, कठोर बोलतो. भिंतीवरच्या तसबिरीतला सौम्य ख्रिस्त तो नव्हे. पण मत्तयमध्येही तो असाच आहे, हे आपण सोयीने विसरतो. क्रुसापाशी आक्रोश करणारी मरिया म्हणजे पासोलिनींची स्वतःची आई सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ साली युद्धकाळात मारला गेला होता. तो विलाप निव्वळ अभिनय वाटत नाही.

आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संस्थेने १९६४ सालीच या कृतीस पारितोषिक दिले. १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत ती आली आणि २०१४ साली व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने ख्रिस्तावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून तिचा गौरव केला. पासोलिनी तोवर हयात नव्हते. २ नोव्हेंबर १९७५ रोजी, मृतात्म्यांच्या स्मृतिदिनी, रोमजवळील ऑस्तिया येथे त्यांची निर्घृण हत्या झाली होती.