डॉ. होमी भाभा आणि कल्याणच्या बत्तीस तबकड्या

स्मरणिकेसाठी लेख द्या असा निरोप मिळाला. शाळेच्या आणि गुरुजींच्या आठवणी बाकीचे मित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. माझी सगळी नोकरी रडारच्या देखभालीत गेली, म्हणून त्या विद्येशी ज्यांचा संबंध फारसा सांगितला जात नाही अशा एका मोठ्या माणसाचे चरित्र मी थोडक्यात लिहितो. मेळाव्याच्या निधीतून शाळेला कमान बांधून द्यावी की आणखी काही करावे, ही चर्चा सध्या चालू आहे. त्या चर्चेतही हे चरित्र उपयोगी पडेल असे मला वाटते.

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव घेतले की आपल्याला अणुशक्ती आठवते. त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील वकील होते. मुलाने इंजिनिअर व्हावे अशी घरची इच्छा होती, म्हणून १९२७ साली त्यांना केंब्रिजला पाठवले. १९३० मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात दिली आणि मग स्वतःच्या आवडीच्या गणिताकडे व भौतिकशास्त्राकडे वळले. १९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. १९३९ मध्ये सुट्टीवर मायदेशी आले असताना महायुद्ध सुरू झाले आणि ते इथेच राहिले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत त्यांनी काम सुरू केले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

युद्ध संपल्यावर परदेशात त्यांना मानाची जागा सहज मिळाली असती. पण मार्च १९४४ मध्येच त्यांनी टाटांच्या विश्वस्त निधीला पत्र लिहून इथे संशोधन संस्था काढण्याची मागणी केली होती. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. मुंबईत तिचा आरंभ पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्याच्या अर्ध्या भागात झाला. कुलाब्याच्या समुद्रकाठच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले ते जानेवारी १९६२ मध्ये. म्हणजे जवळजवळ सोळा वर्षे संस्थेजवळ माणसे होती, पण स्वतःची इमारत नव्हती. हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता आपल्या भागाची गोष्ट. आपली पोशीर नदी उल्हासला मिळते आणि उल्हास कल्याणकडे जाते. आपल्यापैकी कितीतरी जण नोकरीसाठी नेरळहून त्याच दिशेची लोकल पकडत आले. त्या कल्याणजवळ १९६५ साली बत्तीस लहान तबकड्या उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास सुमारे सहा फूट. चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या रेषेत, तर आठ उत्तर-दक्षिण २५६ मीटरच्या रेषेत. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी त्यांच्यावर पकडल्या जात.

या तबकड्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या. गोविंद स्वरूप नावाचे तरुण शास्त्रज्ञ १९५३ ते ५५ तिथे शिकायला होते. तिथले काम आटोपल्यावर त्या तबकड्या भारताला भेट मिळाव्यात यासाठी त्यांनी खटपट केली. तबकड्या दिल्लीला आल्या, पण त्यांचा उपयोग होईना आणि वर्षानुवर्षे त्या तशाच पडून राहिल्या. स्वरूप अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला डॉक्टर झाले.

१९६१ मध्ये स्वरूप, टी. कृष्णन, एम. आर. कुंडू आणि टी. के. मेनन या परदेशातल्या चार भारतीयांनी ठरवले की आपण चौघे परत जाऊन एकत्र काम करू. तसा प्रस्ताव त्यांनी भारतातल्या काही प्रमुख संस्थांना पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार गेली की रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करण्याचा निर्णय झाला आहे. त्या वेळी भाभांच्या संस्थेत ना दुर्बीण होती, ना तिच्यासाठी जागा. त्यांनी माणसे पारखली आणि शब्द दिला. स्वरूप एप्रिल १९६३ मध्ये रुजू झाले आणि पडून राहिलेल्या तबकड्या कल्याणला आल्या.

लहान तबकड्यांचे काय एवढे, असे कोणी विचारील. आपण शाळेत लेझीम खेळायचो ते आठवा. सगळ्यांचा ठोका एकदम पडला तर आवाज गावभर जातो. मागच्या रांगेचा ठोका उशिरा पडला की नुसता गोंगाट. अँटेनांचेही असेच आहे. आकाशातून तिरपी येणारी लहर एका तबकडीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोहोचते. तो उशीर नेमका भरून काढून सगळ्यांचे संकेत जोडले, तर लहरीच्या उंचवट्यावर उंचवटा बसतो. मग बत्तीस लहान तबकड्या मिळून शेकडो मीटर लांबीच्या एका दुर्बिणीइतका बारीक तपशील टिपतात. कल्याणला लहर होती ६१० मेगाहर्ट्‌झची, म्हणजे जेमतेम अर्ध्या मीटरची. जोडणीत पाव मीटरचा फरक पडला तर उंचवट्यावर खळगा येऊन संकेतच पुसला जातो. त्यातून तारा उन्हाने तापतात आणि त्यांची लांबी बदलते. यावर उपाय स्वरूप यांनी यांग या सहकाऱ्याबरोबर स्टॅनफर्डलाच शोधला होता. तारेतून एक संकेत अँटेनापर्यंत पाठवायचा, तो परत आणायचा आणि जाण्यायेण्यात किती फरक पडला ते मोजायचे. पुढे ही पद्धत जगभरच्या मोठ्या दुर्बिणींवर वापरली गेली.

रडारमध्येही हेच तत्त्व चालते, फक्त उलट दिशेनेही. प्रत्येक अँटेनाला ठरावीक उशीर देऊन संकेत सोडला की अँटेना जागची न हलवता झोत हव्या त्या दिशेला वळतो. तिरुपतीजवळच्या गदंकी येथील हवामान रडारमध्ये अशा १०२४ अँटेना १३० मीटर लांबी-रुंदीच्या मैदानात आहेत. वरच्या हवेतून परत येणारा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की एकटा तो खरखरीत बुडून जातो. पण लागोपाठचे अनेक प्रतिध्वनी एकावर एक रचले की खरखर आपसात कटते आणि खरा संकेत वर येतो. त्याची कंप्रता किती सरकली यावरून वाऱ्याचा वेग कळतो. हे रडार उभारणाऱ्या ‘समीर’ या मुंबईच्या संस्थेचे मूळ टाटा संस्थेतल्याच सूक्ष्मलहरींच्या विभागात आहे.

चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षही भाभाच. रडार आणि दळणवळणाची यंत्रे परक्यांकडून आणून देश किती दिवस चालवणार, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला. तेव्हा भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. वय अवघे छप्पन्न. त्यांनी लग्न केले नव्हते. चित्रे काढणे, पाश्चात्त्य संगीत ऐकणे आणि झाडे जपणे हे त्यांचे छंद होते.

पण त्यांनी निवडलेली माणसे मागे होती. कल्याणचे काम थोडी वर्षे चालून थांबले. मात्र भाभांनी उचलून धरलेली पुढची दुर्बीण उटीजवळ १९७० मध्ये तयार झाली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. डोंगराचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच, सुमारे अकरा अंश, असल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच दिशेने फिरवून ताऱ्याचा तासन्‌तास माग काढता येतो. उत्तर-दक्षिण रोख मात्र १०५६ लहान अँटेनांचे उशीर बदलून वळवला जातो. त्यानंतर स्वरूप यांनी सह्याद्रीच्या पलीकडे, नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची दुर्बीण उभारली. तिथे प्रत्येक तबकडीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहतात, म्हणजे एकूण ४३५ जोड्या होतात. कल्याणच्या बत्तीस तबकड्यांवर बसलेला हात इथवर पोहोचला.

म्हणून मेळाव्याच्या निधीविषयी माझे मत नोंदवतो. कमान नंतर बांधता येईल. आधी शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांना विचारावे की तुम्हाला काय हवे, आणि ते आणून द्यावे. एखादा ऑसिलोस्कोप, सोल्डरिंगची हत्यारे, उघडून पाहायला चार जुने रेडिओ, आणि मुख्य म्हणजे त्या कपाटाची किल्ली मुलांच्या हाती देणारा माणूस. आपल्यातले जे निवृत्त तंत्रज्ञ कल्याण-डोंबिवलीत राहतात, त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेत यावे. माझे नाव त्या यादीत पहिले लिहावे, ही विनंती.